मेडिकल लॅबची मशीन दुरुस्त करण्याच्या नोकरीत नेमकं काय काम असतं? इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, या लाइनमध्ये यावं का?

१९९२ ते २०२४ मी हेच काम केलं, त्यातली बहुतेक वर्षं मराठवाड्यात. जालना, बीड, लातूर, नांदेड, खांद्याला टूलबॅग आणि एसटीचा प्रवास. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

डिप्लोमा झालाय म्हणजे सर्किट वाचता येत असेल. त्याचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा तुम्हाला होणार नाही. मी लागलो तेव्हा तालुक्याच्या लॅबमध्ये एक कलरीमीटर (द्रवाच्या रंगाची गडदता मोजणारं यंत्र), एक सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरागरा फिरवून रक्ताचे भाग वेगळे करणारं), एक मायक्रोस्कोप असायचा. जरा बरी लॅब असेल तर फ्लेम फोटोमीटर. गॅसच्या ज्योतीत पातळ केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) फवारायचं, सोडियममुळे ज्योत पिवळी होते, तो पिवळेपणा मोजायचा. इतकं हळवं यंत्र, की स्टँडर्डच्या, म्हणजे ठरलेल्या मापाच्या द्रावणाच्या बाटलीत घामेजलेलं बोट बुडलं तरी सोडियम वाढायचं. सेंट्रिफ्यूज अडखळायला लागला की निम्म्या वेळा कार्बन ब्रश झिजलेले निघायचे. शंभरेक रुपयांत काम व्हायचं आणि वर चहा मिळायचा. आज पूर्ण बोर्डच बदलतात. सोल्डरिंग आयर्न माझ्या बॅगेत शेवटपर्यंत होतं, पण शेवटच्या पाच-सात वर्षांत ते क्वचितच तापलं.

पण खरं काम बोर्डाचं नव्हतंच. "साहेब, मशीन बंद पडलंय" असा फोन आला की मला हायसं वाटायचं. बंद मशीन कुणाचा रिपोर्ट काढत नाही. पोटात गोळा यायचा तो "मशीन चालू आहे, पण रिझल्ट जरा वेगळे वाटतायत" या फोनने.

एका गावात प्रत्येक पेशंटचं कॅल्शियम जास्त यायचं. साडेआठ ते साडेदहा असायला हवं, तिथे बारा-तेरा. मी दिवा बदलला. पंधरा दिवसांनी परत फोन. मग फिल्टर बदलला. परत फोन. गंमत म्हणजे कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला तपासणीचा नमुना, अगदी बरोबर येत होतं, म्हणून मशीनला दोषही देता येईना. तिसऱ्या खेपेला हत्यारं बाहेरच काढली नाहीत. स्टूल ओढून दोन तास नुसता बसून राहिलो. कंट्रोल लावताना टेक्निशियन नवी प्लॅस्टिकची ट्यूब घ्यायचा आणि पेशंटसाठी धुतलेल्या काचेच्या ट्यूब. मागे मोरीत एक पोरगा त्या ट्यूब बोअरच्या पाण्याने विसळून रॅकमध्ये वाळत घालत होता. त्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे चहाच्या पातेल्याला आठवड्यात पांढरा थर. ट्यूबमध्ये राहिलेला थेंब वाळला की त्यातलं कॅल्शियम तिथेच राहायचं आणि आम्ही ते पेशंटच्या नावावर लिहायचो. शेवटची विसळ डिस्टिल्ड वॉटरची द्या, एवढंच सांगितलं. तक्रार संपली. दिवा आणि फिल्टर दोन्ही उगाच बदलले होते, त्याचं बिल मात्र झालं होतं.

दुसरा प्रसंग हसण्यासारखा नाही. डेंग्यूचे दिवस, एका हॉस्पिटलचा सेल काउंटर, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारं मशीन. त्याचं तत्त्व साधं आहे, वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. केसाच्या जाडीएवढ्या छिद्रातून पेशी जाते, क्षणभर विजेचा अडथळा वाढतो, एक पल्स उठते. पल्स मोठी तर पेशी मोठी. प्लेटलेट सगळ्यांत लहान, म्हणून तिची पल्सही लहान. आणि अर्थिंग नसेल तर लाइनमधला गोंगाटही असाच लहान लहान पल्सचा दिसतो. मशीन त्यांनाही प्लेटलेट समजून मोजतं.

तक्रार काय होती, तर मायक्रोस्कोपखाली स्लाइडवर प्लेटलेट फार कमी दिसतात आणि मशीन आकडा बरा देतं. मी रक्ताशिवाय नुसता डायल्युएंट (रक्त पातळ करायचं द्रावण) लावला. प्लेटलेट जवळपास शून्य यायला हव्यात, पंचवीस-तीस हजार आल्या. मशीन भिंतीपासून ओढलं. रंगकाम करताना कुणीतरी प्लग काढून अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर लावला होता, आणि त्याच एक्स्टेंशनवर फ्रिज. रोज सकाळी बॅकग्राउंडची, म्हणजे रक्ताशिवायच्या मोजणीची, चिठ्ठी छापून निघत होती आणि न बघता फाइलला लागत होती.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. मग प्रश्न आला तो आधीच्या रिपोर्टांचा. ज्याच्या प्लेटलेट पंधरा हजार, त्याला आम्ही चाळीस हजार सांगितलं होतं. कंपनीतल्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "सर्व्हिस रिपोर्टवर फक्त 'प्लग बदलला' लिही." मी बॅकग्राउंडचा आकडाही लिहिला आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवला. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग रजिस्टर उघडून रंगकामाच्या दिवसापासूनच्या पेशंटना स्वतः फोन लावत बसल्या. ॲडमिट असलेल्यांच्या स्लाइड पुन्हा काढल्या. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. संबंध आहे का ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता तुमचं. फिरायची तयारी हवी, रविवार आपला नसतो. २०२० मध्ये सगळे घरात होते तेव्हा मी ई-पास घेऊन जिल्हे ओलांडत होतो, घरी आल्यावर महिनाभर वेगळ्या खोलीत जेवलो. हल्ली अनेक ठिकाणी मशीन फुकट ठेवतात आणि रिएजंट (टेस्टसाठी लागणारं रसायन) त्याच कंपनीचं घ्यावं लागतं, त्यामुळे इंजिनिअरच्या मागेही रिएजंटच्या खपाचं टार्गेट लागतं. मला ते कधी जमलं नाही. तुम्हाला बोलायला आवडत असेल तर जमेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीला थोडी बायोकेमिस्ट्री वाचा. एसजीपीटी (लिव्हरची एक टेस्ट) ३७ अंशांना आणि ३४० नॅनोमीटरला का मोजतात हे माहीत नसेल, तर जुन्या झालेल्या दिव्याचा दोष तुम्ही रिएजंटवर ढकलाल.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही सगळी मशीन रक्त पिणारी आहेत. नव्वदीत आम्ही उघड्या हातांनी प्रोब (रक्त ओढून घेणारी सुईसारखी नळी) साफ करायचो. १९९८ मध्ये एक प्रोब माझ्या अंगठ्यात घुसला, कुणाचं रक्त होतं ते कळायला मार्ग नव्हता. पुढचे सहा महिने मी टेस्ट करून घेत होतो आणि बायकोला नुसता वायरचा चटका म्हणून सांगितलं होतं. हायपोक्लोराइटने (जंतू मारणाऱ्या ब्लीचच्या द्रावणाने) धुतल्याशिवाय मशीनला हात लावू नका, ग्लोव्हज कंपनीने दिले नाहीत तर स्वतः विकत घ्या. हिपॅटायटिस बीची लस मात्र रुजू व्हायची वाट न बघता आत्ताच सुरू करा, तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.