एल्फिन्स्टन हे मुळात गाव

प्रश्न : माझी मुलगी एडिनबरोला नोकरी करते. तिच्या ऑफिसात एल्फिन्स्टन आडनावाचे एक गृहस्थ आहेत. ते मुंबईच्या गव्हर्नरचे वंशज असतील का? आणि हे आडनाव आलं कुठून?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी वंशजांचं सांगते. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचे रेसिडेंट आणि १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी लग्नच केलं नाही. तेव्हा थेट वंशज नाहीत. असले तर भाऊबंदांपैकी. आणखी एक गल्लत फार होते. २०१८ साली ज्या स्टेशनाचं प्रभादेवी झालं, त्याला नाव होतं ते यांच्या पुतण्याचं. तेही १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर होते.

आडनाव मात्र गावाचंच. एडिनबरोच्या पूर्वेला, ट्रॅनेंटजवळ, एल्फिन्स्टन नावाचं लहानसं गाव आजही आहे. इंग्रजी स्पेलिंगात शेवटी ‘stone’ दिसलं, तरी या ‘स्टन’चा दगडाशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘टुन’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी. एल्फिनसारखं नाव असलेल्या कुणाची तरी ती वाडी. तेराव्या शतकातल्या दस्तऐवजांत माणसाच्या नावापुढे ‘दे’ लावून हे गाव लिहिलेलं आढळतं. पुढे ‘दे’ गळला, गावाचं नाव राहिलं.

नीरेकाठच्या होळ गावचे ते होळकर, हे इंदूरकरांना सांगायला नको. पण इथे एक फरक आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे गाव सोडून परमुलखात गेलेल्यालाही ‘कर’ चिकटतो. स्कॉटलंडात अशी नावं सुरुवातीला बहुधा त्या जमिनीचे धनी लावत. पुढे तिथली कुळं आणि तिथून शहरात आलेली साधी माणसंही लावू लागली. म्हणून एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे, असं धरू नका.

या घराण्याचं तर गावच हातचं गेलं. पंधराव्या शतकात मुलीच्या लग्नातून ते जॉन्स्टनांकडे गेलं. पुरुषांची शाखा स्टर्लिंगशायरात एअर्थजवळ स्थिरावली आणि तिथल्या आपल्या जमिनीलाही तिने एल्फिन्स्टन हेच नाव दिलं! मूळ गावातला जुना मनोरा खालच्या कोळशाच्या खाणींमुळे खचला. १९५०च्या दशकात त्याचा बहुतेक भाग पाडावा लागला.

सगळीच स्कॉटिश आडनावं गावांची नसतात. महिदपूरच्या लढाईनंतर आपल्या माळव्याचा कारभार पाहणारे मॅल्कम घ्या. हे आडनाव व्यक्तिनामावरून आलेलं. मूळ अर्थ संत कोलंबाचा भक्त.

मुलीला सांगा, त्या गृहस्थांना आजोबा-पणजोबांचं पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावभाग, विचार. स्कॉटलंडात १८५५पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची आहे. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत मिळतं. या नोंदी एडिनबरोतच पाहता येतात.