जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा एका बाजूला का वाटतो?

प्रश्न : माझे वय २४ वर्षे आहे. खालचा जबडा पुढे आणि डावीकडे सरकलेला असल्याने दीड वर्ष दातांना तारा लावल्यानंतर, चार महिन्यांपूर्वी माझ्या दोन्ही जबड्यांची शस्त्रक्रिया झाली. दात आता नीट जुळतात. पण उजवा गाल अजून भरलेला दिसतो आणि हनुवटी मध्यावर नाही असे सारखे वाटते. घरचे म्हणतात, "छान दिसतेस, आरशात बघत बसू नकोस." पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमची शंका उडवून लावण्यासारखी नाही, परंतु चौथ्या महिन्यात तिचा निकाल लावणेही योग्य नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन-तीन आठवड्यांत बरीचशी उतरते. मात्र उरलेली सूज पूर्ण ओसरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते आणि ती दोन्ही गालांवर सारख्या वेगाने उतरतेच असे नाही. जबडा डावीकडे झुकलेला होता, याचा अर्थ उजव्या बाजूचे हाड बहुधा अधिक मागे घ्यावे लागले असेल, त्यामुळे तोच गाल जास्त काळ भरलेला राहणे समजण्यासारखे आहे. खालचा ओठ व हनुवटी बधिर असेल, तर हनुवटी जागेवर नसल्याचा भास त्यामुळेही होतो, कारण शस्त्रक्रियेत खालच्या जबड्यातून जाणारी नस ताणली जाते.

मोबाइलच्या सेल्फीवर विसंबू नका. हातभर अंतरावरून कॅमेरा जवळचा भाग मोठा दाखवतो. शिवाय आरशातली उलटी प्रतिमा आपल्या इतकी सवयीची असते की, फोटोतला स्वतःचाच चेहरा परका वाटतो. त्याऐवजी दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, पाच-सहा फुटांवरून, दात मिटून आणि मान सरळ ठेवून कोणाकडून तरी फोटो काढून घ्या. एका फोटोत आइस्क्रीमची स्वच्छ काडी दाढांच्या पुढच्या दातांत आडवी, अगदी हलकी धरा. ती डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर नसेल, तर वरचा जबडा थोडा तिरका असण्याची शक्यता आहे. निदान मात्र डॉक्टरांनीच करावे.

सूज ओसरल्यावरही फरक उरला, तर तो कशाचा आहे हे सीटी स्कॅनवर मोजता येते. वरच्या जबड्याचा तिरकेपणा राहिला असेल, जबड्याचा सांधा खोबणीत नीट बसला नसेल, किंवा हनुवटीचे हाडच मुळात एका बाजूला असेल. या शेवटच्या कारणासाठी केवळ हनुवटीची छोटी शस्त्रक्रिया पुरते. एका बाजूच्या सांध्याचे हाड अजून वाढत असेल, तर बोन स्कॅनने कळते, आणि वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत हनुवटी हलवण्यात अर्थ नसतो. वर्षानुवर्षे एकाच बाजूने चावल्यामुळे तिकडचा स्नायू जाड झालेला असतो, हे कारण मात्र सहज नजरेतून सुटते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, आपली कडक भाकरी आमटीत चुरून दोन्ही बाजूंनी चावण्याची सवय लावा.

दातांची जुळणी अचानक बदलली, ओसरलेली सूज पुन्हा वाढली, ताप आला किंवा तोंडात पू दिसला, तर वर्षभर थांबू नका, लगेच तपासून घ्या. एरवी पुढच्या भेटीला जाताना हे फोटो आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे एक्स-रे सोबत न्या, आणि डॉक्टरांना थेट विचारा, "हनुवटी मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, आणि ते हाडामुळे आहे की मांसामुळे?"