ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतंय? कॅमेरा दुरुस्तीला टाकायच्या आधी हे बघा

भावाने अमेरिकेहून आणलेला कॅमकॉर्डर उन्हात झकास, पण हॉलमध्ये चित्र लुकलुकतं, पट्टे सरकतात, सेन्सर गेला का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या कॅमेऱ्याचं हुबेहूब हेच होतं, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. मी काही इंजिनियर नाही, पण बहुधा सेन्सर ठणठणीत आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. अमेरिकी कॅमेरा ६०च्या हिशेबाने चालतो आणि घरात शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या १/६० वर नेऊन ठेवतो. मग प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला उजेड कमी-जास्त येतो. ऑटो सोडा, शटर १/१०० करा. गेन (कॅमेऱ्याने उजेड कृत्रिमपणे वाढवणं) वाढून चित्रात थोडे दाणे दिसतील, ते चालवून घ्या.

एवढीशी गोष्ट सर्व्हिस सेंटरमधल्या एकालाही सुचू नये? आधी ‘बाहेरचा पीस, वॉरंटी नाही’ म्हणून तपासणीचे पैसे घेतले. मग खिडकीशेजारच्या काउंटरवर, भर दुपारी, कॅमेरा चालू करून जॉबशीटवर ‘चेक्ड ओके’ लिहिलं. ट्यूब लावून बघा म्हटलं तर साहेब जेवायला गेलेले. पुन्हा नेला तेव्हा तोच कॅमेरा ‘सेन्सर बोर्ड बदलावा लागेल’ झाला, आणि खर्च ऐकून मी खुर्चीतच बसलो. त्या वर्षीचे गणपती कॅमेऱ्याविना गेले. जायचंच असेल तर लुकलुकणारी क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि जॉबशीटवर ‘ट्यूबखाली, शटर १/६०’ असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे कुणी ऐकत नाही.

क्वालिटी तपासायची तर कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर जाऊ नका, एचडीएमआयने टीव्हीला जोडा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून कोपऱ्यांतली अक्षरं बघा. डिजिटल झूम कायमचा बंद. समोरच्या इमारतीच्या ग्रिलवरून कॅमेरा हळू फिरवा. कडा कंगव्यासारख्या फाटल्या तर मोड ६०आय आहे, म्हणजे प्रत्येक वेळी चित्राच्या एकाआड एक ओळीच टिपल्या जातात. ६०पी (दर वेळी पूर्ण चित्र) असेल तर तोच घ्या, नाहीतर एडिटिंगला डीइंटरलेस करत, म्हणजे त्या ओळी जुळवत बसावं लागतं.

एडिटिंगला मी दाविंची रिझॉल्व्ह हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात प्रोजेक्टचा फ्रेम रेट क्लिपा आत घ्यायच्या आधीच ठरवा, नंतर बदलू देत नाही. तुमच्या ६०च्या कॅमेऱ्यासाठी ५९.९४ (६०पीचा नेमका आकडा). कार्डावरच्या सुट्ट्या एमटीएस फाइली (कॅमेऱ्याच्या व्हिडिओ फाइली) उचलू नका, अख्खा फोल्डर आहे तसा कॉपी करा. लांब शूटिंगचे कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो आणि ते हाताने जोडले की सांध्यावर आवाज किंचित तुटतो. मंगलाष्टकांत ते फार खुपतं. मोबाइलच्या क्लिपा मिसळणार असाल तर आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढा, नाहीतर ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

आणि हो, कार्ड स्वस्तात मिळालं असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने तपासा. ६४ जीबी छापलेली नकली कार्डं सर्रास मिळतात.

लग्नाच्या हॉलमध्ये आदल्या दिवशी सगळे दिवे लावायला सांगून थोडं शूट करा. काही स्वस्त एलईडींपुढे १/१०० पण हरतं. रिझॉल्व्हचं डीफ्लिकर (लुकलुक घालवायची सोय) पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे आणि माझ्या मते त्यापेक्षा डेकोरेशनवाल्याला तेवढी माळ बंद करायला सांगणं स्वस्त पडतं.