भाड्याचे कार्पेट मशीन आणि हळदीचा डाग

नमस्कार. आपण लिहिले आहे की लोणच्याची बरणी कलंडून खार बेज रंगाच्या कार्पेटवर सांडला, भांड्यांच्या साबणाने घासल्यावर पिवळा डाग तांबूस झाला, महिनाअखेर न्यू जर्सीतील अपार्टमेंट सोडायचे आहे, आणि त्यासाठी सुपरमार्केटमधून कार्पेट धुण्याचे मशीन भाड्याने आणण्याचा आपला विचार आहे. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आमच्या घरात घडून गेलेली असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मशीन जोडायचे कसे आणि कोणती टाकी कुठे बसवायची, हे त्यावरच्या चित्रांत दिलेले असते, त्यामुळे ते येथे लिहीत नाही. मी या व्यवसायातला नाही आणि वकीलही नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

सर्वप्रथम, हे मशीन आज आणू नका. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते आणि अल्कलीशी गाठ पडली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते, आणि हळद लागलेल्या बनियनला साबण लावताच तो डाग लाल होतो, हेही आपण पाहिलेले असेल. मशीनबरोबर विकली जाणारी बहुतेक द्रावणे अल्कलीधर्मी असतात, तसेच ज्यांच्या नावात ‘ऑक्सी’ असते त्या पावडरीही. म्हणजे आहे त्या स्थितीत मशीन फिरवले तर डाग निघणे दूरच, तो आणखी लाल होऊन पाण्याबरोबर पसरण्याची शक्यता अधिक. शिवाय कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. मशीन काय करते, तर गरम पाणी फवारते, ब्रशने धागे हलवते आणि मागे ओढताना ते पाणी शोषून घेते. धूळ, चिखल, पायांनी आलेली कळकट छटा यांवर ते उत्तम आहे. धाग्यात मुरलेल्या रंगाशी त्याला काही देणे-घेणे नसते.

त्यामुळे आधी डागाचा समाचार हातानेच घ्यावा. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या सुती फडक्यावर घ्यावे, कार्पेटवर ओतू नये, आणि डाग बाहेरून आत टिपत जावा. फडक्यावर पिवळा किंवा केशरी रंग उतरू लागला की फडक्याची कोरी बाजू घ्यावी. घासू नये, घासल्याने धागे पिंजतात आणि रंग खाली जातो. खिडकी उघडी असावी आणि जवळपास शेगडी पेटलेली नसावी. अल्कोहोल खालपर्यंत मुरू देऊ नये, कारण कार्पेटच्या पाठीला धागे धरून ठेवणारा जो लॅटेक्सचा थर असतो, तो अशा द्रवांनी सैल पडू शकतो. तेल निघाल्यावर पांढरे व्हिनेगर दुप्पट पाण्यात मिसळून हलकेच टिपले, तर साबणामुळे आलेला तांबूसपणा बराचसा पिवळ्यावर परततो. ते साध्या पाण्याने टिपून काढून कोरडे झाल्यावर उरलेल्या पिवळेपणासाठी तपकिरी बाटलीत मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते: डाग ओलसर होईल एवढेच शिंपडून वर प्लास्टिकची पातळ फिल्म ठेवावी आणि काही तासांनी पाहावे. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात आधी चाचणी केल्याशिवाय हे करू नये, आणि कार्पेट लोकरीचे असेल तर अजिबात करू नये. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत मिसळू नये. क्लोरिनच्या ब्लीचला तर हातच लावू नये, कारण कार्पेटचा मूळ रंगच उडाला तर मग तक्रारीला जागा उरत नाही.

एक फुकटचा उपाय बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे ऊन. कर्क्युमिन प्रकाशात विरते. डाग बाल्कनीच्या दारापाशी असेल तर पडदे दिवसभर उघडे ठेवावेत. काचेतून आलेल्या उन्हानेही फरक पडतो. याउलट ओले फडके ठेवून वरून वाफेची इस्त्री फिरवण्याचा जो उपाय सर्रास सुचवला जातो, तो हळदीसाठी मला मुळीच पटत नाही. उष्णतेने रंग अधिक पक्का बसतो आणि कृत्रिम धागे वितळण्याचा धोका वेगळाच.

आता मशीनकडे वळतो, कारण सर्वांत जास्त मनस्ताप आम्हाला त्यानेच दिला. मशीनचा सगळा जीव त्याच्या शोषणात असतो, पाणी फवारण्यात नव्हे. आम्ही आणलेले मशीन फवारत झकास होते. पण मळक्या पाण्याच्या टाकीत जेमतेम तळ झाकेल इतकेच पाणी परत येत होते. उलटे करून पाहिले तेव्हा शोषणाच्या फटीत आधीच्या कुणा भाडेकरूच्या कुत्र्याचे केस ओल्या वातीसारखे गच्च बसलेले होते आणि वरच्या पारदर्शक झाकणाची रबरी कड एका बाजूने सुटलेली होती. केस काढता आले, कडेचे काही करता आले नाही. बाकीचे पाणी गेले कुठे, हे सांगायला नको. ते कार्पेटखालच्या फोमच्या थरात गेले.

मशीन परत घेऊन गेलो, तर सुपरमार्केटच्या त्या काउंटरवर लॉटरीची तिकिटे, मनीऑर्डर आणि ही मशीन असे तिन्ही धंदे एकच कर्मचारी सांभाळत होता. त्याचे म्हणणे असे, की मशीन दुकानाचे नाही, दुकान फक्त जागा देते, तक्रार असेल तर मशीनवरच्या क्रमांकावर फोन करावा. फोनवर बराच वेळ संगीत ऐकल्यानंतर सांगण्यात आले, की पैसे परत देण्याचा अधिकार दुकानाकडे आहे, कंपनी फक्त मशीन पुरवते. पुन्हा काउंटरवर गेलो, तर व्यवस्थापक उद्या येतील. या टोलवाटोलवीत २४ तासांची मुदत उलटली आणि ज्या मशीनने काम केलेच नाही, त्याच्या वाढीव दिवसाचे भाडे कार्डावर लागले. द्रावणाची बाटली उघडलेली असल्यामुळे तिचे पैसे परत मिळणे शक्यच नव्हते. रक्कम लहान होती, हे मान्य. पण कागदावर दोन पक्षांची नावे असूनही जबाबदारी एकाचीही नाही, ही व्यवस्था मला आजही संतापजनक वाटते. नावे मुद्दाम घेत नाही, कारण पुढच्या गावातल्या काउंटरवर अनुभव वेगळा येऊ शकतो.

खरे नुकसान त्यानंतर झाले. कार्पेट वरून सुकले, छान दिसू लागले आणि मग हळूहळू डाग पुन्हा वर आला, आधीपेक्षा मोठा आणि कडेने गडद. खाली साचलेले पाणी वर चढताना मुरलेला खार सोबत घेऊन येते आणि पाणी उडून गेले की रंग धाग्यांच्या टोकांवर राहतो. फोम ओला राहिल्याने कुबट वासही आला. दमट हवेत एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते. अपार्टमेंटच्या कार्यालयाने डिपॉझिटमधून त्या खोलीच्या नव्या कार्पेटचे आणि फोमचे पैसे कापले.

म्हणून मशीन ताब्यात घेताना दुकानातच प्लग लावून सुरू करण्याचा आग्रह धरावा आणि शोषणाच्या फटीवर तळहात ठेवून पाहावा. ओढ जोरकस नसेल तर दुसरे मशीन मागावे. झाकणाच्या कडेचा, फटीचा आणि ब्रशचा फोटो काउंटरसमोरच काढावा. आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: भांड्यांचा साबण कार्पेटमध्ये शिल्लक असेल, तर मशीनच्या टाकीत फेसाचा डोंगर होईल आणि फेस वर चढताच शोषण बंद पडेल. फेस मारणारे द्रव मशीनच्या शेजारीच विकायला असते. ते घ्यावे, किंवा साबण आधी ओल्या फडक्याने टिपून काढावा. द्रावण बाटलीवर लिहिले आहे त्याहून कमी घालावे, शेवटचा हात निव्वळ गरम पाण्याचा द्यावा (उरलेले द्रावण चिकट राहते आणि धूळ धरते) आणि पाणी न सोडता नुसते शोषणाचे हात मारत राहावेत, जोवर नळीत पाणी दिसेनासे होत नाही. त्यानंतर पंखा आणि एसी दोन्ही चालू ठेवावे.

मला विचाराल तर एका डागासाठी हे मशीन आणूच नये. भाडे साधारण ३० ते ४० डॉलर, द्रावण वेगळे, सोफ्यासाठीची नळी वेगळी, असे करत जी रक्कम होते, तिच्यात थोडी भर घातली की गाडीत मोठे यंत्र घेऊन येणारा माणूस एखादी खोली करून देतो, आणि त्या यंत्राची ओढ काही वेगळीच असते. शिवाय काही करारनाम्यांत व्यावसायिक सफाईची पावती मागितलेली असते आणि मशीनच्या भाड्याची पावती तेथे चालत नाही. करार आधी वाचावा. संपूर्ण घरातले कार्पेट मळलेले असेल, वेळ हाताशी असेल आणि मशीन ठणठणीत मिळाले, तर मात्र ते पैसे वसूल करून देते.

डिपॉझिटबद्दल थोडे, कारण प्रश्नाचा खरा रोख तिकडेच दिसतो. न्यू जर्सीत घर सोडल्यापासून ३० दिवसांच्या आत घरमालकाने डिपॉझिट व्याजासह परत द्यावे लागते आणि काही कापले असेल तर त्याचा तपशील द्यावा लागतो. चुकीने अडवलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम न्यायालय मिळवून देऊ शकते. नेहमीच्या वापराने झालेली झीज कापता येत नाही. लोणच्याचा डाग मात्र झिजेत बसवता येईल, असे मला वाटत नाही. तरीही नव्या कार्पेटची पूर्ण किंमत मागितली, तर जुने कार्पेट किती वर्षांचे होते हे लेखी विचारावे. भाड्याच्या घरातील कार्पेटचा घसारा आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, नियमांनुसार ५ वर्षांत काढला जातो. तो नियम करापुरता आहे, डिपॉझिटला आपोआप लागू होत नाही. पण वाटाघाटीत त्याचा उल्लेख उपयोगी पडतो. आम्ही एवढा एकच प्रश्न पत्राने विचारला आणि कापलेल्या रकमेचा मोठा भाग काही न बोलता परत आला.

मशीन आणायचेच ठरले, तर ते चावी देण्याच्या आदल्या रात्री आणू नका. कार्पेट पूर्ण सुकून डाग पुन्हा वर येतो की नाही हे पाहायला, आणि आला तर आधी व्हिनेगर आणि ते टिपून सुकल्यावर पेरॉक्साइड असा दुसरा हात द्यायला, मध्ये किमान एक आठवडा मोकळा असू द्या.