बॉण्डवर मेळघाटात जाणाऱ्या डॉक्टरने कोणते कपडे न्यावेत?

एमबीबीएस झाल्यावर धारणी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष काढायचंय, तर फॉर्मल न्यायचे की स्क्रब (दवाखान्यात घालायचा सैल सदरा-पायजमा), असं तुम्ही विचारलंय. मी त्याच पट्ट्यात मेडिकल ऑफिसर होते. फॉर्मलचे दोन जोड पुरे, आढावा बैठकीला लागतात. बाकी सगळं सुती, सैल आणि दगडावर आपटून धुता येईल असं.

स्क्रब न्याच, पण चकचकीत पॉलिस्टरचे नकोत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात लाइट गेलेली. अशा ओपीडीत ते कापड प्लास्टिकच्या पिशवीसारखं अंगाला चिकटतं. डाग दिसू नयेत म्हणून सगळे गडद रंग घेतात. पण लेबर रूममध्ये हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) उडतं आणि निळ्यावर पांढरट ठिपके पडतात, ते कायमचे. रक्ताचा डाग लगेच थंड पाण्यात टाका. गरम पाण्यात टाकलात की पक्का बसतो. बेटाडिन ओलं असतानाच धुतलं तर निघतं. जेन्शन व्हायोलेट हे जांभळं औषध सांडलं तर तो कपडा झाडलोटीला काढा. डिलिव्हरीला प्लास्टिकचा एप्रन आणि गमबूट हवेतच. पाणमोट कधी फुटेल आणि कुठवर उडेल याचा नेम नसतो.

पांढरा एप्रन अर्ध्या बाहीचा शिवा, लांब बाह्या प्रत्येक जखमेला पुसत जातात. नाव देवनागरीत भरून घ्या. तरुण मुलगी दिसली की लोक 'सिस्टर' म्हणणार, निदान एप्रनवर तरी 'डॉक्टर' असू दे! लसीकरणाच्या दिवशी मात्र तो खुंटीला. पांढरं दिसलं की पोरं सुई निघायच्या आधीच भोकाड पसरतात.

ओढणीचा नाद सोडा. मोटारसायकलवर मागे बसून उपकेंद्राला जाताना ती चाकात जाते, वॉर्डात सलाइनच्या स्टँडला अडकते. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, खाली पँट, दोन्हीला खोल खिसे. बॅटरी, मोबाइल, पेन एवढं मावलं पाहिजे.

चपलांचं नीट बघा. गृहभेटीत प्रत्येक दारात पायताण काढावं लागतं, म्हणून नाडीचे बूट वैताग देतात. पावसाळ्यात पट्ट्याच्या रबरी सँडल, ओपीडीत बंद बूट (सुई पायावर पडते), रात्रीच्या कॉलला घोट्यावरचे बूट आणि बॅटरी. साप तिथे आहेतच. रेनकोट पँटसकट घ्या. हिवाळ्याला जाड स्वेटर लागतोच, विदर्भ म्हणून गाफील राहू नका.

डॉ. प्रकाश आमटे हेमलकशाला अर्धी चड्डी आणि बनियनवर रुग्ण बघत आले, हा दाखला तुम्हाला कुणीतरी देईलच. ते १९७३ पासून तिथे मुरलेल्या माणसाला शोभतं. वर्षभरासाठी आलेल्या नवख्या डॉक्टरकडे लोक आधी इस्त्री नाही, पण स्वच्छता बघतात.

कापड अमरावतीहून न्या, शिवायला धारणीतच टाका. पुढे खिसे उसवले की त्याच शिंप्याकडे जावं लागणार आहे.