नेपोलियन सोडला तर फ्रेंच क्रांतीच्या काळातला सर्वांत कर्तबगार सेनापती कोणता?

माझं उत्तर लाझार ओश. फ्ल्यूरस जिंकणारा जुर्दां किंवा होहेनलिंडन जिंकणारा मोरो यांचे रणांगणावरचे विजय त्याच्यापेक्षा मोठे आहेत, हे मान्य. तरीही ओशच.

1768 मध्ये व्हर्सायजवळ, राजाच्या पागेतल्या नोकराच्या घरी तो जन्मला. सोळाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि 1793 मध्ये, पंचविशीत, मोझेलच्या फौजेचा सेनापती झाला. नोव्हेंबरमध्ये कैझरस्लाउटर्नला प्रशियन सेनापती ब्रुन्सविकच्या ड्यूककडून हरला, पण महिन्याभरात व्हिसेंबूर्ग जिंकून शत्रूने लांदाऊला घातलेला वेढा मोडला. बक्षीस काय मिळालं? तुरुंग! दहशतीच्या राजवटीचा म्होरक्या रोबेस्पिएर सत्तेवरून पडला म्हणून त्याची मान वाचली.

त्याचं खरं मोठेपण मात्र पश्चिम फ्रान्समध्ये दिसतं. तिथल्या वांदे प्रांतात धर्म आणि राजा यांच्या बाजूने शेतकरी उठले होते. ओशच्या आधी सरकारी सेनापती त्युरोच्या पलटणींनी गावंच्या गावं जाळली, बायकामुलं मारली, आणि बंड आणखी चिघळलं. ओशने आधी आपल्याच सैनिकांची लूटमार थांबवली. पाद्र्यांना प्रार्थना चालवू दिल्या. गावाने बंदुका जमा करेपर्यंत त्यांची गुरं आणि धान्य ताब्यात ठेवायचं, बंदुका आल्या की परत द्यायचं, असा त्याचा शिरस्ता होता. उपाय कठोरच, पण शेतकऱ्याला घरी परतायची वाट त्यात उरली. लोक दुरावल्यावर स्टोफ्ले आणि शारेत हे पुढारी एकाकी पडले. 1796 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोघांनाही पकडून गोळ्या घातल्या गेल्या आणि बंडाचा जोर ओसरला.

ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या किबरोंचा डाग मी लपवणार नाही. जुलै 1795 मध्ये इंग्रजी जहाजांतून उतरलेल्या राजनिष्ठांना त्याने तिथे कोंडीत पकडलं. शरण आलेल्यांपैकी सुमारे साडेसातशे जणांना नंतर लष्करी न्यायालयांनी मृत्युदंड दिला.

डिसेंबर 1796 ची आयर्लंडची मोहीम वादळाने बुडवली. सुमारे 15,000 सैनिक ब्रेस्टहून निघाले, काही जहाजं बँट्रीच्या उपसागरात पोचलीही, पण खुद्द ओशचं जहाज भरकटलं आणि तो किनाऱ्याला लागलाच नाही.

18 एप्रिल 1797 ला त्याने नॉयव्हीडजवळ ऱ्हाईन ओलांडून ऑस्ट्रियनांना पिटाळलं. नेमक्या त्याच दिवशी बोनापार्टने लेओबेनला ऑस्ट्रियाशी तहाच्या प्राथमिक कलमांवर सही केली, त्यामुळे ओशला विजयाच्या ऐन भरात थांबावं लागलं. पाच महिन्यांनी, 19 सप्टेंबरला, वेट्झलारच्या छावणीत तो गेला. वय अवघं 29.