वाचकांचे प्रश्न: फुटबॉलआधीचा वॉर्मअप

प्रश्न: आमच्या शाळेच्या फुटबॉल संघात १४ ते १६ वयाची मुलं-मुली आहेत. सकाळी साडेसहाला मैदानाला दोन फेऱ्या, मग वाकून अंगठे धरून दोन मिनिटं ताण, की लगेच खेळ. तरी दर हिवाळ्यात कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाची मांडी मागून धरते. चुकतं कुठे?
– क्रीडाशिक्षक, सिडको, नाशिक

उत्तर: सर, दोन फेऱ्यांनी अंग जेमतेम गरम होतं. शिवाय त्या सरळ रेषेतल्या. पाय जायबंदी होतो तो वळताना, अचानक थांबताना, उडी मारून एका पायावर उतरताना, आणि त्याची तयारी तुमच्या वॉर्मअपमध्ये नाही. स्नायू दोन-दोन मिनिटं ताणून धरला की काही वेळ त्याचा जोर कमी होतो, म्हणून तो ताण खेळानंतर द्या.

फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा १५ व्यायामांचा, २० मिनिटांचा क्रम आठवड्यातून किमान दोनदा करा. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या संघांवर तो तपासला, तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

पहिली आठ मिनिटं सावकाश धावणं. पाच-सहा मीटरवर एक अशा कोनांच्या (खुणेच्या प्लॅस्टिक शंकूंच्या) सहा जोड्या मांडा. कोन नसतील तर पाण्याच्या बाटल्या चालतील. जोडीजोडीने धावत जाऊन प्रत्येक कोनापाशी गुडघा उचलून बाहेर फिरवायचा, पुढच्या खेपेला आत. मग जोडीदाराभोवती फेरी, उडी मारून खांद्याला खांदा, शेवटी पुढे-मागे जलद धाव.

मधली दहा मिनिटं ताकद आणि तोल. पोटावरचा प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ उचलून धरणं) २० ते ३० सेकंद, तीनदा. कुशीवरचाही प्रत्येक बाजूला तसाच. चेंडू हातात धरून एका पायावर ३० सेकंद, प्रत्येक पायावर दोनदा. मग स्क्वॉट आणि उड्या, दोन्ही ३० सेकंद, दोनदा.

मांडी धरते त्यावर खरा उपाय म्हणजे नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम. गुडघ्यांखाली सतरंजी घ्या, जोडीदाराने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अंग फळीसारखं ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. पेलवेनासं झालं की हातांवर उतरायचं. जोरात धावताना पाय टेकण्याच्या जरा आधी हा स्नायू लांबत असतानाच पायाला आवर घालतो, आणि तेव्हाच तो फाटतो. इथे त्याला नेमकी तीच सवय लागते. मुलं कंबरेत वाकून सूट घेतात, ती घेऊ देऊ नका. सुरुवात ३ ते ५ वेळांनी करा. पहिले काही दिवस मांडी दुखेल.

उड्यांच्या वेळी स्वतः समोर उभे राहून गुडघे बघा. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच हवा. तो आत झुकला की गुडघ्याच्या सांध्यातल्या लिगामेंटवर (हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) पीळ पडतो. मुलींमध्ये ही दुखापत जास्त होते, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या. चवड्यांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवा.

शेवटची दोन मिनिटं: पाऊण वेगाने मैदान ओलांडणं, लांब ढांगा, आणि पाय रोवून दिशा बदलणं. सामन्याच्या दिवशी मधला भाग गाळा.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहा अंशांखाली जातो. तेव्हा सुरुवातीचं धावणं तीन-चार मिनिटांनी वाढवा, ट्रॅकसूट शेवटच्या भागापर्यंत अंगात राहू द्या, आणि बदली खेळाडूंना बाकावर गार होऊ देऊ नका.

प्रश्न: मुलाचा घोटा मुरगळून तीन आठवडे झाले. सूज उतरली आहे. खेळायला पाठवू का?
– पालक, इंदिरानगर

उत्तर: ताई, सूज उतरली म्हणजे तोल परत आला असं नाही. दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहणं, त्याच पायावर दहा लंगड्या उड्या, आणि वेगात दिशा बदलणं हे न दुखता, दुसऱ्या पायाइतकंच जमलं तर आधी सरावाला पाठवा, सामन्याला नंतर. घोट्याच्या हाडावर दाबून अजून कळ येत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय मैदानात नको.